फुलपाखरू मासा घरी ठेवावा काय?



काही महिन्यांपूर्वी नववीत शिकणाऱ्या एका वाचकाचे मला पत्र आले. त्याच्या घरी गेली तीन वर्षे गोड्या पाण्यातील माशांची काचपेटी आहे. गप्पी, मोली, एंजल हे मासे त्याने उत्तम सांभाळले आहेत. आता वडील चार फुटांची नवी पेटी घेऊन देण्यास तयार आहेत आणि त्याला तिच्यात समुद्राचे पाणी भरावयाचे आहे. शहरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात त्याने एक मोठा फुलपाखरू मासा पाहिला. पांढऱ्या अंगावर बारीक काळ्या उभ्या रेघा, पिवळे पर आणि पिवळी शेपटी, आकार जवळजवळ जेवणाच्या ताटलीएवढा. पेटी तयार झाली की हाच मासा आणू काय, असा त्याचा प्रश्न होता.

मी त्याला दोन ओळींत उत्तर पाठवले, “आणू नकोस.” पण दोन ओळींच्या उत्तराने विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे समाधान होऊ नये. ‘का आणू नये?’ हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून हा लेख.

प्रथम या माशाची ओळख करून घेऊ. फुलपाखरू माशांच्या कुलात सुमारे १३० जाती आहेत. या कुलाचे शास्त्रीय नाव ज्या ग्रीक शब्दांवरून पडले त्यांचा अर्थ ‘केसांसारखे दात’ असा होतो. तोंड लहान, पुढे आलेले आणि आत ब्रशाच्या केसांसारखे बारीक दात, अशी ही रचना आहे. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे प्रवाळांच्या फांद्यांमधून हा मासा सहज वळतो. बहुतेक जातींत डोळ्यावरून एक काळा पट्टा जातो. त्यामुळे डोळा कोठे आहे हे शत्रूला चटकन कळत नाही, असे मानले जाते.

आपल्या वाचकाने पाहिलेल्या माशाचे नाव किटोडॉन लिनिओलॅटस. मराठीत त्याला ‘रेघाळ फुलपाखरू मासा’ म्हणू या. फुलपाखरू माशांत हा सर्वांत मोठ्या जातींपैकी एक असून त्याची लांबी ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे तुमच्या कंपासपेटीशेजारच्या एक फुटी पट्टीइतकी होते. तांबड्या समुद्रापासून हवाई बेटांपर्यंत तो आढळतो. बऱ्याचदा तो जोडीने हिंडताना दिसतो. प्रवाळांचे जीव, समुद्रफुले, इतर लहान अपृष्ठवंशी प्राणी आणि थोडे शैवाल हा त्याचा आहार. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा विचार तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आता पेटीचे गणित करू. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीचे घनफळ नऊ घनफूट होते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे पेटी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी बसेल. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ धरले तर नुसत्या पाण्याचे वजन २६१ किलोग्रॅम भरते. दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, या हिशेबाने ९ किलोग्रॅमहून अधिक कृत्रिम समुद्री मीठ पहिल्याच दिवशी लागेल. पुढे दर पंधरवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर दर वेळी ५१ लिटर पाणी आणि पावणेदोन किलोच्या आसपास मीठ. एवढे केल्यावर एक फूट लांबीच्या माशाला मिळते काय? स्वतःच्या लांबीच्या चौपट लांब आणि दीडपट रुंद जागा. तीन वेळा शेपटी हलवली की समोर काच! समुद्रात हाच मासा खडकामागून खडक धुंडाळत दिवसभर हिंडत असतो.

कोणी म्हणेल, दुकानातला मासा अजून लहान असेल तर? लहान असला तरी तो वाढणार आहे. पेटी मात्र वाढत नाही.

तरीही जागेची अडचण पैसे खर्चून दूर करता येईल. पाण्याचेही तसेच आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे त्यात अमोनियाचा अधिक विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा सहसा जास्त राहतो. पेटीतील वाळूत आणि फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे जीवाणू नीट बसण्यास महिना-दीड महिना जातो. तेवढा धीर नसलेल्या हौशी माणसाचे पहिले मासे बहुधा याच काळात मरतात. पुन्हा खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात पाणी तापले की तो आणखी घटतो. अशा वेळी दोन-चार तास वीज गेली आणि पंप बंद पडला तर काय होईल याची कल्पना करा. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून क्षारताही रोज वाढते आणि तिच्यावर रोज लक्ष ठेवावे लागते.

हे सारे कठीण आहे, पण अशक्य नाही. चिकाटीचा विद्यार्थी ते शिकू शकेल. मग माझा विरोध कशाला?

माझा विरोध कशाला आहे हे सांगण्यासाठी एका वहीची गोष्ट सांगतो. माझ्या एका स्नेह्यांनी अशीच मोठी पेटी घेतली होती. स्नेही अत्यंत काटेकोर. त्यांनी जीवाणू बसण्यासाठी दोन महिने वाट पाहिली आणि मगच एक मोठा फुलपाखरू मासा आणला. पेटीशेजारी एक वही असे. तिच्यात रोजची तारीख, तापमान, विशिष्ट गुरुत्व, अमोनिया आणि शेवटच्या रकान्यात ‘खाल्ले काय?’ अशी नोंद. पहिले सारे रकाने पाहून कोणत्याही शिक्षकाने पैकीच्या पैकी गुण दिले असते. शेवटच्या रकान्यात मात्र रोज एकच शब्द होता, ‘नाही’. त्यांनी कोळंबी बारीक चिरून घातली, तिसऱ्या उघडून घातल्या, बाजारातले कोरडे खाद्य तर होतेच. मासा जवळ येई, तोंड लावी आणि परत फिरे. पेटीतल्या निर्जीव दगडांना तो दिवसभर टोचत राही. तेथे खाण्यासारखे काहीच नव्हते. हळूहळू त्याची पाठ डोक्यामागे खोल गेली, पोट आत ओढले गेले. सातव्या आठवड्यात वही बंद झाली. ती अजून त्यांच्या कपाटात आहे. मला ती दाखवताना ते म्हणाले, “पाण्यात काही चुकले नव्हते हो!” आणि ते खरेच होते.

या माशाचे दात आणि तोंड खडकावरचे बारीक जीव दिवसभर टिपण्यासाठी घडलेले आहेत. आपण दिवसातून दोनदा घातलेला घास त्याला अन्न वाटेलच असे नाही. फुलपाखरू माशांच्या निम्म्याहून अधिक जाती कमी-अधिक प्रमाणात जिवंत प्रवाळांवर जगतात. काही तर इतक्या चोखंदळ आहेत की एखाद्याच प्रकारच्या प्रवाळावर त्यांचा निर्वाह चालतो. रेघाळ मासा इतका हट्टी नाही. त्याला इतरही काही चालते. म्हणून काही अनुभवी माणसांनी असे मासे मोठमोठ्या टाक्यांत वर्षानुवर्षे जगवले आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पूर्ण वाढलेला मासा आपल्या सवयी सहसा सोडत नाही आणि अगदी लहान मासा वाटेतल्या उपासाने खंगतो. दुकानातला मासा खाऊ लागेल की नाही, हे तो घरी आणल्यावरच कळते. नाही खाल्ले तर परतीची वाट नसते.

मग त्याला प्रवाळच का घालू नयेत? इथे कायदा आडवा येतो आणि तो योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. त्यांना वाघासारखेच संरक्षण मिळाले. आपल्या देशात ते समुद्रातून काढणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. मुंबईतील सागरी किनारा रस्त्याच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, हाजीअली आणि वरळी येथील खडकांवरच्या प्रवाळांच्या छोट्या वसाहती उचलून दुसऱ्या जागी लावाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे. तेव्हा मासा विकणारा दुकानदार त्या माशाचे नैसर्गिक अन्न आपल्याला विकू शकत नाही. ज्याला काय खाऊ घालायचे हे ठरवताच येत नाही, असा पाहुणा घरी बोलावणे कितपत शहाणपणाचे?

आणखी एक अडचण पाहा. खाऱ्या पाण्यातील माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो. एक सूक्ष्म परजीवी त्यांच्या त्वचेत व कल्ल्यांत शिरतो. तांब्याचे क्षार पाण्यात मोजून मिसळले तर तो मरतो. पण तेच तांबे समुद्रफुले, शिंपले, कोळंबी यांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरते. म्हणजे माशाचे औषध आणि माशाचे अन्न एका पेटीत नांदू शकत नाही!

आता हा मासा दुकानात येतो कोठून, तेही पाहू. तुमचे गप्पी आणि मोली हे शेततळ्यांत व टाक्यांत वाढवलेले असतात. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी असेच तयार होतात. समुद्री शोभेच्या माशांचे नेमके उलटे आहे. त्यांच्या बहुतेक जाती आजही समुद्रातूनच पकडून आणल्या जातात. फुलपाखरू माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर कित्येक आठवडे उघड्या समुद्रात तरंगत राहतात. एवढा दीर्घ काळ त्यांना टाकीत वाढवणे फार अवघड. म्हणून तुम्ही विकत घेतलेला मोठा फुलपाखरू मासा हा कोठल्या तरी प्रवाळखडकावरून उचललेला मासा असतो, असेच समजावे.

तो कसा उचलला जातो? काही ठिकाणी जाळ्याने, काळजीपूर्वक. परंतु १९६० नंतरच्या दशकात फिलिपाईन्समध्ये सायनाइडचे पाणी खडकांच्या फटीत फवारण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती इतरत्रही पसरली. सायनाइड पेशींचे श्वसन रोखते. गुंगलेला मासा हाताने उचलता येतो. त्या फवाऱ्यात सापडलेले प्रवाळ आणि बारीकसारीक जीव मात्र तेथेच मरतात. काचेपलीकडच्या माशाकडे पाहून तो कोणत्या पद्धतीने पकडला हे तुम्हाआम्हाला ओळखता येत नाही.

आधीच प्रवाळांचे दिवस बरे नाहीत. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. बराच काळ तसेच राहिले तर मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे संकट आले. प्रवाळ मेले की त्यांच्यावर जगणारे फुलपाखरू मासेही घटतात. म्हणूनच एखाद्या प्रवाळखडकाची प्रकृती कशी आहे याचा अंदाज घेण्यासाठी शास्त्रज्ञ तेथील फुलपाखरू मासे मोजतात. डॉक्टरने नाडी पाहावी तसे हे मासे पाहिले जातात.

या मतावर तीन आक्षेप येतील, हे मी जाणून आहे.

पहिला आक्षेप असा की, समुद्रात तरी या माशाला कोण सुखाने जगू देतो? एखाद्या मोठ्या माशाने त्याला गिळलेच असते. हे खरे आहे. पण तेथे गिळला गेलेला मासा दुसऱ्याचे पोट भरतो आणि त्याआधी बहुधा त्याने आपली संतती सोडलेली असते. फूटभर वाढलेला मासा म्हणजे असंख्य पिल्लांतून वाचलेला एक. नेमका तोच आपण दिवाणखान्यात आणून उपाशी मारतो, तेव्हा समुद्राच्या हिशेबात त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेटांवरील गरीब मच्छीमारांचे पोट या व्यापारावर चालते. जाळ्याने, बेताने मासे पकडणाऱ्या मच्छीमाराला आपला खडक जपावासा वाटतो, हेही खरे. म्हणूनच समुद्री मासे पाळण्यावर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणत नाही. जे मासे पेटीत खातात, वाढतात आणि टिकतात ते जाणकाराने जरूर पाळावेत. जे सहसा टिकत नाहीत त्यांची मागणी मात्र आपण करू नये. मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणावा लागतो आणि खडक दोनदा रिता होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. मुलांनी मासा डोळ्यांनी पाहिलाच नाही, तर त्यांना समुद्राविषयी प्रेम कसे वाटणार? याचे उत्तर इतिहासात आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस हा निसर्ग-अभ्यासक होता. १८५४ मध्ये त्याने मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडमध्ये घरोघरी समुद्राच्या पाण्याची काचपात्रे आली. गॉसचे समुद्रावर निस्सीम प्रेम होते. पण त्याच्या पुस्तकांनी भारलेले लोक झुंडीने किनाऱ्यावर गेले आणि खडकांतील डबकी त्यांनी खरवडून नेली. पुढे १९०७ मध्ये त्याचा मुलगा एडमंड गॉस याने आपल्या आठवणींत लिहिले की, लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती सुंदर डबकी आता उरली नाहीत. प्रेम होतेच. केवळ प्रेम पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग आपल्या वाचकाने काय करावे? त्याच्या नव्या पेटीचे काय?

ती पेटी त्याने गोड्या पाण्यानेच भरावी. तिच्यात पाणवनस्पती लावाव्यात आणि अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट कसे होते याची नोंद आठवड्या-आठवड्याने ठेवावी. विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला प्रयोग नाही. पुढे कधी खारे पाणी भरायचेच असेल तर टाकीत जन्मलेला विदूषक मासा निवडावा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास टाकीत यशस्वीपणे केली आहे. हा मासा लहान असतो, हाताने घातलेले खातो आणि त्याच्यासाठी कोणताही खडक रिता होत नाही.

मोठे मासे पाहण्यासाठी सार्वजनिक मत्स्यालये आहेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून शाळांच्या कितीतरी सहलींनी समुद्रातला मासा पहिल्यांदा तेथे पाहिला. हजारो लिटरची टाकी आणि तिची देखभाल करणारी शिकलेली माणसे असतील, तर एका माशाकडून हजारो मुले शिकतात. दिवाणखान्यातल्या माशाकडून चौघे शिकतात, तेही तो जगला तर.

आणि शिक्षकांना एक विनंती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी असते तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर न्या. भरती-ओहोटीचे कोष्टक आधी पाहा आणि पाणी परतण्यापूर्वी किनारा गाठा. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, कालवे, स्पंज आणि छोटे मासे दिसतील. वही-पेन्सिल घेऊन एकाच डबक्याशी अर्धा तास बसा. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. घरी काही आणू नका, रिकामा शंखसुद्धा नको. उद्या एखादा खेकडा तो घर म्हणून शोधत येईल.

माझ्या स्नेह्यांच्या वहीत शेवटच्या रकान्यात रोज ‘नाही’ होते. त्या पत्रलेखक मित्राला माझे सांगणे एवढेच, की तो ‘नाही’ त्याने मासा आणण्यापूर्वी, दुकानाच्या दारातच उच्चारावा. पेटी रिकामी वाटेल. पण दूर कोठेतरी प्रवाळखडकावर एक रेघाळ मासा आपल्या जोडीदाराबरोबर खडकाला टोचत हिंडत असेल, आणि तेथे त्याच्या तोंडाला काहीतरी लागेल.